सहा महिन्यांची खोली : नागपूरहून म्युनिकला गेलेल्या एका विनिमय विद्यार्थिनीच्या निवासाचे प्रकरण

नागपुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्युत शाखेचे तिसरे वर्ष संपवत असलेल्या एका विद्यार्थिनीची २०२४ च्या हिवाळी सत्रासाठी म्युनिकमधील विद्यापीठात विनिमय कार्यक्रमाखाली निवड झाली. विनिमय असल्यामुळे तेथील शिक्षण शुल्काचा प्रश्न नव्हता, आणि श्रेयांक जुळवण्याचे काम दोन्ही बाजूंच्या विभागांनी फारसा विलंब न लावता उरकले. अडचण उभी राहिली ती राहण्याच्या जागेची. महाविद्यालयाच्या विनिमय कक्षाकडे या बाबतीत देण्यासारखे फारसे काही नसते. परदेशी विद्यापीठाचे पत्र आणि व्हिसाची कागदपत्रे हाती दिली की आपले काम संपले, अशी तेथील सर्वसाधारण समजूत असते. हे प्रकरण तपशिलाने लिहिण्याचे कारण असे की निवासाच्या बाबतीत पहिल्यांदाच बाहेर पडणारी बहुतेक मराठी कुटुंबे ज्या ज्या वळणांवर अडखळतात, ती जवळजवळ सगळी वळणे यात आली आणि त्यांतील दोन ठिकाणी कुटुंबाने घेतलेले निर्णय विचार करण्यासारखे आहेत.

कुटुंब प्रतापनगरचे. तळमजल्यावर स्वतःचे बिऱ्हाड आणि वरच्या मजल्यावरील दोन खोल्या अनेक वर्षे विद्यार्थ्यांना किरायाने दिलेल्या, त्यामुळे वडिलांना घरमालकीचा अनुभव भरपूर होता. मुलगी मात्र घराबाहेर कधी राहिलेली नव्हती. जून-जुलै उजाडला की प्रतापनगर, बजाजनगर, लक्ष्मीनगर या भागांत फाटकांवर ‘रूम किरायाने देणे आहे’ अशा पाट्या लागतात, बाहेरगावचा मुलगा वडिलांना घेऊन येतो, नळाला पाणी किती वेळ असते आणि जवळ मेस कुठे आहे हे विचारतो, आणि अर्ध्या तासात अॅडव्हान्स देऊन व्यवहार ठरतो. हा व्यवहार समोरासमोरचा असतो. घरमालक मुलाकडे पाहतो, मुलाचा बाप घरमालकाकडे पाहतो, आणि दोघांचे समाधान झाले की करारनामा मागाहून होतो. वडिलांच्या डोक्यात म्युनिकचे चित्रही असेच होते, आणि त्यांच्या धाकट्या भावाने सुचवलेला मार्ग त्यांना म्हणूनच पटला : मुलीने आठ-दहा दिवस आधी जावे, स्वस्तातल्या हॉटेलात उतरावे आणि फिरून खोली पाहावी.

हा मार्ग म्युनिकमध्ये का चालत नाही, हे मला त्यांना समजावून सांगावे लागले. जर्मनीतील विद्यार्थी-निवासाच्या दृष्टीने म्युनिक हे सर्वांत महाग शहर आहे. २०२४ च्या सुमारास तेथे सामायिक सदनिकेतील एका खोलीचे सरासरी भाडे महिन्याला ८०० युरोंच्या आसपास होते. व्हिसासाठी ‘बंद’ खात्यात, म्हणजे ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा जर्मन खात्यात, प्रतिमहा जी रक्कम ठेवावी लागते, ती १ सप्टेंबर २०२४ पासून ९३४ वरून ९९२ युरो झाली. म्हणजे सरासरी भाड्याची खोली घेतली तर आरोग्य विमा, जेवण आणि प्रवास यांसाठी दोनशेहून कमी युरो उरतात. त्यातही दोन गोष्टींनी गाठ आणखी आवळली जाते. पहिली म्हणजे सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तेथे ऑक्टोबरफेस्ट असतो, त्या वर्षी तो २१ सप्टेंबर ते ६ ऑक्टोबर असा होता, आणि त्या काळात साध्या हॉस्टेलच्या खाटेचे दरही कित्येक पटींनी चढतात. काकांनी सुचवलेले आठ-दहा दिवस नेमके यातच पडत होते. दुसरी गोष्ट अशी की शहरातले इतर हजारो नवे विद्यार्थीही त्याच पंधरवड्यात खोली शोधत असतात.

जर्मन हिवाळी सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असे असते; त्या वर्षी प्रत्यक्ष वर्ग १४ ऑक्टोबरला सुरू होऊन ७ फेब्रुवारीला संपणार होते आणि परीक्षा त्यापुढे होत्या. हा सहा महिन्यांचा काळ घर भाड्याने देण्याच्या दृष्टीने मोठा अडचणीचा असतो. पर्यटकाच्या मानाने तो फार लांब आणि नियमित भाडेकरूच्या मानाने फार आखूड. ज्या घरमालकाला तीन वर्षे राहणारा नोकरदार मिळू शकतो, तो सहा महिन्यांच्या परदेशी मुलीकडे वळून पाहत नाही. तिला खरोखर जुळणारी जागा दोनच ठिकाणी मिळू शकत होती. एक म्हणजे विद्यार्थी-सेवा संस्थेचे वसतिगृह, आणि दुसरी म्हणजे अशा जर्मन विद्यार्थ्याची खोली, जो स्वतःच त्या सहा महिन्यांसाठी बाहेर जाणार आहे आणि परतल्यावर त्याला तीच खोली पुन्हा हवी आहे. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर दुसऱ्या प्रकारात ती पोटभाडेकरू होणार होती, आणि हा शब्द ऐकताच वडिलांचा चेहरा उतरला, कारण नागपुरात पोटभाडेकरू म्हटले की कोर्टकचेरीच आठवते.

वसतिगृहाचा अर्ज तिने मे महिन्यातच भरला. तेथे विनिमय विद्यार्थ्यांसाठी काही खोल्या वेगळ्या ठेवलेल्या असतात, पण त्या सर्वांना पुरत नाहीत, आणि सर्वसाधारण प्रतीक्षा यादी म्युनिकमध्ये कित्येक सत्रांची असते. शहराच्या उत्तरेकडील मोठ्या विद्यार्थी वसाहतीतील काही इमारती २०२१ मधील आगीनंतर दुरुस्तीसाठी बंद राहिल्याने ताण वाढलाच होता. जुलैअखेर तिला उत्तर आले ते ‘यादीत नाव आहे, खोलीची खात्री देता येत नाही’ एवढेच. येथून पुढे दुसऱ्या मार्गाचा शोध सुरू झाला आणि त्यातच ती जाहिरात आली.

श्वाबिंग हा म्युनिकमधील विद्यापीठाजवळचा, सर्वांना हवा असणारा भाग. तेथील सज्जा असलेली, पूर्ण सजवलेली एक खोलीची स्वतंत्र सदनिका, सर्व खर्च धरून महिन्याला ४८० युरो. पत्र सभ्य इंग्रजीत होते. मालक म्हणे नोकरीनिमित्त दुसऱ्या देशात गेला होता, सदनिका रिकामी ठेवायची नव्हती, भाड्यापेक्षा घर नीट राखणारा माणूस त्याला महत्त्वाचा वाटत होता. एक महिन्याचे भाडे आणि अनामत मिळून १,४४० युरो पाठवले की किल्ली कुरियरने नागपूरला पोचती होणार होती, आणि विश्वासासाठी त्याने स्वतःच्या पासपोर्टची प्रत जोडली होती. बदल्यात मुलीच्या पासपोर्टची प्रत आणि बँकेचे विवरण मागितले होते. आईला हे पत्र फार आवडले. ‘घर नीट राखणारा माणूस हवा’ हे वाक्य तिने स्वतः कितीदा तरी भाडेकरूंना ऐकवले होते.

शंका पहिल्यांदा मुलीलाच आली, आणि ती एका छायाचित्रावरून. स्वयंपाकघराच्या चित्रात ओट्याच्या वर, किटलीशेजारी, भिंतीवर एक सॉकेट दिसत होते. चित्र मोठे करून पाहिल्यावर त्याला तीन चौकोनी खाचा आणि बाजूला छोटे बटण असल्याचे स्पष्ट झाले. हे ब्रिटिश पद्धतीचे सॉकेट. जर्मनीत गोल खळगा आणि त्यात दोन गोल छिद्रे असलेले सॉकेट असते, आणि त्याला बटण नसते. विद्युत शाखेच्या मुलीच्या नजरेतून हे सुटणे शक्य नव्हते. त्यानंतर तिने ती छायाचित्रे मूळ कुठली आहेत हे इंटरनेटवर शोधून पाहिले, तेव्हा ती इंग्लंडमधील सुट्टीच्या घराच्या जाहिरातीतून उचललेली असल्याचे निघाले. पैसे पाठवायच्या खात्याचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकही जर्मन नव्हता. जर्मन खात्याचा क्रमांक डी आणि ई या अक्षरांनी सुरू होतो आणि एकूण २२ अक्षरांकांचा असतो. केवळ परदेशी आयबॅनवरून लबाडी सिद्ध होत नाही, कारण युरोपातल्या काही ऑनलाइन बँका दुसऱ्या देशांचे क्रमांक देतात, परंतु सॉकेट, छायाचित्रे आणि खाते यांचा मेळ कुठेच बसत नव्हता.

वडिलांनी मात्र या तांत्रिक पुराव्यांकडे फारसे लक्ष दिले नाही. ते म्हणाले, “आपण पोराला पाहिल्याशिवाय रूम देत नाही, अन् हा माणूस एक शब्द न विचारता द्यायला निघाला.” या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत उपयोगी कसोटी माझ्या मते हीच आहे, आणि ती एका घरमालकाला सुचली हे स्वाभाविकच आहे. ज्या शहरात एका खोलीमागे कित्येक अर्ज येतात, तेथे खरा देणारा निवड करतो, प्रश्न विचारतो, नकार देतो. ज्याला अर्जदाराविषयी काडीचेही कुतूहल नाही आणि फक्त पासपोर्ट व पैसे हवे आहेत, त्याच्याकडे देण्यासारखी खोली बहुधा नसतेच. सुदैवाने पैसे गेले नव्हते आणि पासपोर्टची प्रतही पाठवलेली नव्हती. ती गेली असती, तर तिचेच नाव लावून पुढच्या विद्यार्थ्याला असे पत्र गेले असते. पैसे गेले असते, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करणे एवढाच मार्ग उरला असता, आणि परदेशी खात्यातून पैसे परत येण्याची आशा धरणे कठीण असते.

यानंतर वडिलांनी प्रकरण हाती घेतले. महाराष्ट्रात घर ‘लीव्ह अँड लायसन्स’वर दिले तर १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो व त्याची जबाबदारी मालकावर असते, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला द्यावी लागते, हे त्यांना पाठ होते. जर्मनीत याच्या तोडीचे काय, एवढाच त्यांचा प्रश्न होता, आणि तो अचूक होता. तेथे घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत स्थानिक कार्यालयात पत्त्याची नोंदणी करावी लागते. विद्यार्थी तिला ‘अनमेल्डुंग’ या जर्मन नावानेच ओळखतात. या नोंदणीसाठी घर देणाऱ्याने सही केलेला दाखला लागतो आणि तो देणे त्याला बंधनकारक आहे. निवास परवान्याची पुढची कामे या नोंदणीवाचून अडतात. ‘खोली आहे, पण नोंदणी करता येणार नाही’ अशा जाहिराती मात्र सर्रास दिसतात, कारण देणारा स्वतःच मूळ मालकाला न सांगता खोली देत असतो. अशी खोली कितीही स्वस्त असली तरी विनिमय विद्यार्थ्याच्या उपयोगाची नाही. कोणी ओळखीतला पत्ता नुसता नोंदणीपुरता ‘वापरायला’ देऊ केला तर तोही मार्ग बंद समजावा; खोट्या नोंदणीसाठी पत्ता पुरवणाऱ्याला तेथील कायद्याने ५०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो.

अनामतीबाबतही कायदा भाडेकरूच्या बाजूचा आहे. ती मूळ भाड्याच्या तिपटीहून अधिक घेता येत नाही, येथे मूळ भाडे म्हणजे हीटिंग, पाणी वगैरे खर्च वगळून. शिवाय ती तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे आणि पहिला हप्ता भाडेकराराच्या आरंभी देय होतो. श्वाबिंगच्या त्या कथित मालकाने सगळी रक्कम करार होण्याआधीच मागितली होती. वडिलांनी एका वहीत चार गोष्टी लिहून घेतल्या : मूळ मालकाची पोटभाड्याला लेखी परवानगी, नोंदणीचा दाखला देण्याचे करारातच आश्वासन, मूळ भाडे व खर्च वेगवेगळे लिहिलेले, आणि अनामत हप्त्यांत. या चारांपैकी एक जरी गोष्ट नसली तरी पुढे बोलायचे नाही, असे घरात ठरले.

खोली मिळाली ती संकेतस्थळावरून नव्हे, तर म्युनिकच्या विद्यापीठातील त्याच विभागाच्या विद्यार्थ्यांच्या गटातून. त्या विभागातील एक मुलगी त्याच सहा महिन्यांसाठी दुसऱ्या देशात जाणार होती आणि गार्चिंगमधील तीनजणींच्या सदनिकेतील आपली खोली तिला सोडायची नव्हती. गार्चिंग हे म्युनिकच्या उत्तरेला लागून असलेले वेगळे छोटे नगर. तांत्रिक विद्याशाखांचा परिसर तेथेच आहे आणि यू-६ या भुयारी मार्गाने ते शहराशी जोडलेले आहे. मूळ भाडे ४५०, खर्च १००, अनामत ९०० युरो. येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते : जाणाऱ्या आणि येणाऱ्या विनिमय विद्यार्थ्यांची गरज एकमेकींना आरशासारखी जुळते, तरीही दोन्ही बाजूंचे विनिमय कक्ष त्यांची एकमेकांशी गाठ घालून देत नाहीत. त्यासाठी पैसा लागत नाही. दोन याद्यांची देवाणघेवाण आणि संबंधितांची संमती एवढे पुरते.

दोन्ही घरसोबतिणींनी व्हिडिओवर बोलावले, तेव्हा तेथे संध्याकाळचे सात आणि नागपुरात रात्रीचे साडेदहा वाजले होते. सुमारे तासभर त्या प्रश्न विचारत राहिल्या. स्वयंपाक रोज करणार का, फोडणीच्या धुराने स्वयंपाकघराबाहेरचा धूरसूचक वाजला तर काय, सफाईची पाळी कशी पाळणार, रात्री फोनवर घरच्यांशी किती वेळ बोलणार. एका प्रश्नावर सगळेच हसले : हिवाळ्यात दिवसातून दोनदा खिडक्या सताड उघडून खोली हवेशीर ठेवावी लागेल, नाहीतर भिंतीला बुरशी धरते आणि भरपाई भाडेकरूच्या माथी येते, हे तिला जमेल का? मे महिन्यात कूलरपुढे बसून दिवस काढणाऱ्या नागपूरच्या मुलीला डिसेंबरात खिडकी उघडण्याची सूचना कराराच्या कलमात वाचायला मिळाली. वडील कॅमेऱ्याच्या बाजूला बसून सगळे ऐकत होते. प्रश्नांचा मारा चालू होता तसतसे त्यांचे समाधान वाढत गेले. त्यानंतर म्युनिकमध्ये राहणाऱ्या, ओळखीतल्या एका मराठी गृहस्थांनी प्रत्यक्ष जाऊन खोली पाहिली आणि दारावरील नावांची पाटी कराराशी ताडून पाहिली. मालकाच्या परवानगीचे पत्र आले, आणि करारावर ऑगस्टच्या अखेरीस सह्या झाल्या.

पैसे पाठवण्याचा भाग थोडक्यात सांगतो. पहिला ३०० युरोंचा हप्ता ऑक्टोबरच्या आरंभी पोचावा म्हणून घराजवळच्या बँकेतून सप्टेंबरअखेर परदेशी पैसे पाठवण्याचा ए-२ फॉर्म भरून शिक्षणविषयक कारणाखाली पाठवला. मधल्या बँकेने वाटेत शुल्क कापून घेतले आणि रक्कम कमी पोचली, म्हणून पुढच्या वेळी सर्व शुल्क पाठवणाऱ्याने भरण्याचा पर्याय निवडला. फॉर्मवर तो पर्याय असतो, पण बँकेत आपणहून कोणी विचारत नाही. बंद खात्याची रक्कम धरूनही वडिलांच्या पॅनवर त्या आर्थिक वर्षात परदेशी गेलेली रक्कम सात लाखांच्या आत राहिली, त्यामुळे तेव्हाच्या नियमाप्रमाणे टीसीएस, म्हणजे परदेशी रक्कम पाठवताना बँक आगाऊ वसूल करते तो कर, लागला नाही.

खरा पेच पडला सप्टेंबरच्या मध्यावर. वसतिगृहाकडून पत्र आले : १ ऑक्टोबरपासून खोली उपलब्ध, सर्व खर्चासह महिन्याला ३७० युरो, तीन दिवसांत उत्तर द्यावे. फरक महिन्याला १८० युरोंचा, सहा महिन्यांचा १,०८० युरोंचा. तेव्हाच्या दराने जवळपास एक लाख रुपये. नातेवाइकांचे मत एकच होते की पोटभाड्याचा करार मोडून वसतिगृह घ्यावे, ‘ती मुलगी काय नागपूरला येऊन भांडणार आहे?’ कायद्याने पाहता ठरावीक मुदतीचा भाडेकरार तेथे मुदतीआधी साध्या सूचनेने संपवता येत नाही. समोरचीने दुसरी व्यक्ती स्वीकारली तरच सुटका होते. म्हणजे मागणी केली असती तर सहा महिन्यांचे भाडे देणे लागले असते. पण नागपुरात बसलेल्या कुटुंबाकडून ते वसूल करायला कोणी येणार नव्हते, हेही खरे.

मी त्यांना सुचवले की मूळ विद्यार्थिनीला मोकळेपणाने विचारावे, तिच्याकडे प्रतीक्षेत दुसरी कोणी असेल तर दोघींचेही भले होईल. विचारले, तिची निघण्याची तिकिटे झाली होती आणि इतर अर्जदारांनी एव्हाना दुसरीकडे सोय केली होती. वडिलांनी त्याच रात्री वसतिगृहाला नकार कळवायला सांगितले. आपल्या वरच्या मजल्यावरून जुलैत सही करून ऑगस्टात दुसरीकडे गेलेल्या मुलांची उदाहरणे त्यांना तोंडपाठ होती, आणि अशा मुलांच्या वडिलांविषयी ते काय बोलत असत हेही घरातल्या सर्वांना ठाऊक होते. या निर्णयाची किंमत एक लाख रुपये होती आणि कुटुंब श्रीमंत नव्हते. तरी व्यावहारिक बाजूनेही तो मला योग्य वाटतो : ज्या विभागात तिला सहा महिने शिकायचे होते, त्याच विभागातील मुलीचा करार तिने मोडला असता, आणि पुढच्या वर्षी त्या गटात नागपूरहून येणाऱ्याच्या संदेशाला कोणी उत्तर दिले नसते.

ती दोहामार्गे १ ऑक्टोबरला म्युनिकला पोचली. ३ तारखेला जर्मन एकीकरण दिनाची सुट्टी असल्याने कार्यालये बंद होती, पण गार्चिंग छोटे असल्यामुळे नोंदणीची वेळ पुढच्याच आठवड्यात मिळाली आणि दाखला जागेवर हाती पडला. शहरात राहणाऱ्या तिच्या वर्गमैत्रिणीला तशी वेळ मिळायला बरेच थांबावे लागले. रेडिओ-दूरदर्शनची सक्तीची वर्गणी तेथे माणशी नसून घरामागे असते, १८.३६ युरोंचे तीन वाटे झाले. भाडे गेल्यावर उरलेल्या ४४२ युरोंतून विमा भरून महिना निघत होता, मात्र बाहेर खाणे जवळजवळ बंद होते.

मार्चच्या अखेरीस खोली सोडताना परतलेल्या मूळ विद्यार्थिनीसह भिंती, खिडक्यांचे कोपरे आणि गादी यांची छायाचित्रे काढून सोपवणीचा कागद दोघींनी सही केला. कुठे बुरशी नव्हती. नगर कार्यालयातून नाव कमी करून घेतले. अनामतीपैकी ८०० युरो तीन आठवड्यांत परत आले आणि हीटिंगचा वार्षिक हिशेब व्हायचा असल्याने १०० युरो राखून ठेवले गेले, तेही कराराप्रमाणेच. त्यासाठी तिने जर्मन बँक खाते लगेच बंद केले नाही, कारण ते बंद केले असते तर शंभर युरो नागपूरला आणण्यात त्यातला बराच भाग मधल्या बँकेनेच खाल्ला असता.